पाचवा फाऊल

शेवटचा बुरेक त्यानं घेतला, आणि वर मागे वळून मलाच विचारतो, "काय पंचबाई — हा पण फाऊल का?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बाहेर गुडघाभर बर्फ, शाबात्सला जाणारी पहिली बस रद्द, वाल्येवोच्या त्या गारठलेल्या हॉटेलात अंग आखडून गेलेलं... आणि बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे कोण, तर रेल्या! आदल्या दिवशीच्या बास्केटबॉलच्या सामन्यात अगदी शेवटी मी त्याला पाचवा फाऊल दिला होता. पाच झाले की खेळाडू बाहेर. तो बाहेर गेला आणि वाल्येवो एका गुणानं हरलं.

"सामन्याबाहेर पंचांनी खेळाडूंशी बोलायचं नसतं," मी म्हटलं.

"मग बोलू नका. खा." त्यानं बुरेकचे दोन भाग केले आणि एक माझ्यापुढे धरला. पापुद्र्यांमधलं चीज अजून वाफाळत होतं. मेल्याची बोटं केवढाली होती!

मी घेतला. का घेतला ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई अधाशी. पूर्वी बास्केटबॉलमध्ये एक रीत होती. ज्याचा फाऊल, त्यानं हात वर करायचा. हो, माझा. बस्स, एवढंच. रीत गेली तसे हातही गेले. आता मिसरूड न फुटलेलं पोरगंसुद्धा फाऊल दिला की आभाळ कोसळल्यासारखे हात पसरतं आणि आईची शपथ घेतं. त्यातून पंच बाई असली की बघायलाच नको, अख्ख्या सभागृहाला कंठ फुटतो. "नेवेना, घरी जा, घेवडा शिजव!" अरे, शिजवते की! झकास शिजवते. तुम्हाला विचारून शिजवू?

आणि काल, सगळं सभागृह माझ्या नावानं बोंब मारत असताना, ह्या माणसानं सरळ हात वर केला होता. पस्तिशीचा गडी, इटली, तुर्कस्तान, पोलंड सगळीकडे गुडघे झिजवून आपल्या गावी खेळायला परतलेला. हात वर केला आणि मुकाट बाकावर जाऊन बसला. लोक गप्प झाले. खोटं कशाला बोलू, त्या हातावर माझा जीव जडला होता.

एवढ्यात बेकरीवाल्या स्तानियानं दह्याचा पेला माझ्यापुढे आदळला. "खा, खा त्याच्या हातचं! लागलासुद्धा नव्हता त्याचा हात. साऱ्या गावानं पाहिलंय. हे बघ." तिनं मोबाइल माझ्या नाकाशी आणला. कुणीतरी तो क्षण टिपला होता, संथ करून. रेल्याचा पंजा आणि समोरच्या संघातल्या पोराचं मनगट... मध्ये चांगलं वीतभर अंतर. वीतभर! स्तानियाचा अख्खा पाव गेला असता मधून.

हातातला तुकडा मी खाली ठेवला.

"तुम्ही हात का वर केलात?"

"अं?"

"लागला नव्हता ना हात? मग वर का केलात?"

तो सावकाश चावत राहिला. "बाटल्या उडायला लागल्या होत्या. तुम्ही तिथं एकट्याच उभ्या होतात..."

"एकटी कशी? आणखी दोन पंच होते!"

"ते टेबलाखाली होते."

स्तानिया फिसकन हसली. मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण मी ते दाबलं.

"कीव केलीत माझी?"

"कीव नाही हो —"

"कीवच! मी चुकले तर भांडा माझ्याशी. ओरडा, पाय आपटा! पण माझं खोटं तुम्ही खरं करून दिलंत. तुमच्या त्या हातामुळे मी स्वतःवर खूश होऊन झोपले, कळतंय का?"

"ऐक गं स्तानिया," तो म्हणाला, "शिव्या दिल्या तर फाऊल, आणि नाही दिल्या तर हे असं."

"वचन द्या मला. खरंच केलं असेल तरच हात वर करायचा. केलं नसेल तर जन्मात नाही!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. राखाडी डोळे, आणि त्यात भलतंच हसू. "दिलं वचन. पण मग भांडणार हं मी... दर सामन्याला."

"भांडा की! मी काय भिते?"

बस दुपारी आली. तोवर आमचं भांडणच चाललं होतं.

आणि कसला शब्दाला पक्का तो! पुढचा सामना आला आणि माझ्या दर शिट्टीला हा हजर. "पंचबाई, चष्मा घरी राहिला का?" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. मग जवळून पळता पळता, हळूच, "केस कापलेत? छान दिसतात..."

"टेक्निकल!" मी शिट्टी फुंकली. टेक्निकल म्हणजे उद्धटपणाचा फाऊल.

"बोलला काय तो?" त्याचा कोच किंचाळला.

आता काय सांगू, कपाळ? "उद्धट बोलला," म्हटलं, आणि पाठ फिरवली, कारण माझे कान तापले होते. पण खरोखरचा फाऊल झाला की हा वाद घालायचा नाही. थांबायचा, माझ्याकडे बघायचा आणि हात वर करायचा. जळ्ळं मेलं, शिट्टी तोंडातून काढायचंसुद्धा मला भान राहायचं नाही.

मार्चमध्ये एके दिवशी तो शाबात्सला आला. मी तिथल्या शाळेत खेळ शिकवते. शाळा सुटली होती, गारांसकट पाऊस पडत होता आणि फाटकाशी हा छत्री धरून उभा.

"इथं कशाला आलात? कुणी पाहिलं तर?"

"गुडघे संपले, नेवेना," तो म्हणाला. "ह्या मोसमानंतर थांबतोय. तुला आधी सांगावंसं वाटलं."

"'तुला'? हे 'तू' म्हणजे कोण?"

"तू." छत्रीवर गारा तडतडत होत्या. "चौदाव्या वर्षी एक पिशवी घेऊन बेलग्रेडच्या वसतिगृहात गेलो. तेव्हापासून नुसती गावं बदलली. जिंकलं की खांद्यावर घ्यायचे, हरलं की म्हणायचे, सामान बांधा. पण माझ्यासाठी जीव तोडून कुणी भांडलं नाही बघ. त्या बेकरीत तू भांडलीस... मला इतकं बरं वाटलं."

"सामन्याबाहेर बोलायचं नसतं," मी म्हटलं.

"मग बोलू नकोस."

त्यानं छत्री माझ्याकडे कलती केली. त्याचा एक खांदा पार भिजला. मी बोलले नाही, नियम आहे. पण छत्रीबाहेरही गेले नाही. त्याबद्दल कुठं नियम नाही, मी खात्री करून घेतलीय.

आणि मग, नशीब बघा कसं दावा साधतं! मोसमाचा शेवटचा सामना वाल्येवोत, आणि तो मला मिळाला. वरच्या लीगचा माणूस मला बघायला येणार होता. सामना नीट पार पडला की मी वरच्या लीगमध्ये. अठरा वर्षांची असल्यापासून मी शिव्या खाल्ल्या त्या एवढ्याचसाठी. आणि तोच रेल्याचा निरोपाचा सामना.

"मग त्यात काय?" आई म्हणाली. "एक संध्याकाळ शिट्टी वाजव, वर जा, आणि मग खुशाल लग्न कर त्याच्याशी. कोण विचारतंय?"

विचारतात ना! दर सामन्याआधी विचारतात. टेबलावर बसलेला सामनाधिकारी पंचांना विचारतो, दोन्ही संघांत कुणाशी नातं, मैत्री, देणंघेणं? आणि सगळे "नाही" म्हणतात. सख्खा मेव्हणा कोच असला तरी "नाही" म्हणतात. ह्याच गोष्टीवरून मी आजवर किती जणांना तोंडावर फाडफाड बोलले होते!

त्या दिवशी टेबलाशी त्रिफुनसाहेब होते. म्हाताऱ्यानं मानसुद्धा वर केली नाही. "नातं, मैत्री, देणंघेणं?"

"नाही," पहिला पंच म्हणाला. "नाही," दुसरा.

माझी पाळी. समोर दोन्ही कॅप्टन हस्तांदोलनाला आलेले. रेल्याच्या गुडघ्यांना पट्ट्या, अंगात आठ नंबर, हात माझ्याकडे पुढे केलेला. आणि मला तो शेवटचा क्षण दिसला. बरोबरीचा गुण, ह्याचा पंजा, कुणाचं तरी मनगट. मधलं वीतभर अंतर मला दिसेल का? शिट्टी वाजवली तरी ती कशासाठी, आणि नाही वाजवली तरी कशासाठी, हे मला जन्मभर कळलं नसतं. असा राग आला म्हणून सांगू! त्याच्यावर, त्या छत्रीवर, त्या अर्ध्या बुरेकवर.

"आहे," मी म्हटलं.

त्रिफुनसाहेबांचं पेन थांबलं. "काय आहे?"

"हा सामना मला करता येणार नाही. राखीव पंचाला बोलवा."

"अगं पोरी, वरून माणूस आलाय तुला बघायला! परत नाही बोलवायचे ते. त्याला कारण काय सांगू?"

"पक्षपात."

"कुणाच्या बाजूनं?"

सवयीनं माझे हात आपोआप उठले. फाऊल कुणाचा ते आम्ही टेबलाला बोटांनीच दाखवतो. एका हाताची पाच, दुसऱ्याची तीन. आठ.

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून आठ नंबरकडे पाहिलं. पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. स्तानिया तर उभीच राहिली. "आणि ह्या गृहस्थांना हे ठाऊक आहे?" त्रिफुनसाहेबांनी मला विचारलं.

"त्यालाच विचारा ना!" माझे डोळे भरून आले, त्याचा आणखी राग आला. गळ्यातली शिट्टी काढून मी टेबलावर आपटली. "सगळं त्यानं केलंय! मी आपली मुकाट रांगेत उभी होते!"

वाटलं, आता हा भांडणार. दात काढत म्हणणार, पंचबाई, चष्मा घरी राहिला का? मी काय केलं?

रेल्या हसला नाही. माझ्याकडे बघत, पुढे केलेला तोच हात त्यानं सरळ वर नेला.