राजाभाऊंचा उपास

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायची आमच्या घरात पद्धत नाही. चूक त्यांची नाही. वर्ध्याला असताना वाघाने माझी सायकल ओढून नेली आणि दुसऱ्या दिवशी घंटी वाजवत परत आणून दिली, हे मी नातवंडांना इतक्या वेळा सांगितलंय, की आता मलाही तिची चेन पडलेली आठवते. तेव्हा हीसुद्धा थापच समजा. मला जरा बरं वाटेल.

अ‍ॅशबर्नला मुलाच्या, सत्यजितच्या, टाउनहाऊसमध्ये आम्ही दोघं म्हातारे राहतो. मागच्या झाडांपलीकडे डेटा सेंटर आहे. त्याची घरघर दिवसभर बेसमेंटच्या भिंतींतून येते. त्याच बेसमेंटमध्ये, काचेच्या पेटीत, राजाभाऊंचा मुक्काम. नातू देव सनीव्हेलला नोकरीला गेला, तिथल्या अपार्टमेंटमध्ये साप चालत नाही, म्हणून त्याने आपला किंगस्नेक माझ्या गळ्यात मारला. काळाभोर, अंगावर चुन्याने ओढल्यासारखे पांढरे पट्टे. देव त्याला किंग म्हणायचा, मी राजाभाऊ केलं.

काम सोपं. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, वाटीत ताजं पाणी आणि आठवड्याला एक उंदीर. उंदीर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीमागे. कोमट पाण्यात सैल करायचा आणि लांब चिमट्याने समोर धरायचा. तेवढा वेळ माझी बायको शैला वर जाऊन मिक्सर लावते.

"आजोबा, एकच रूल," देव जाताना म्हणाला. "त्याच्यासमोर दुसरा साप कधी आणायचा नाही. हे दुसरे सापही खातात. म्हणून तर किंग."

"कुठून आणू रे दुसरा साप? इंडियन स्टोअरमध्ये मिळतो?"

तो हसला. माझ्या खोलीत येताना तो बोटाच्या पेराने दारावर दोनदा टकटक करायचा आणि मी "ये रे" म्हणेपर्यंत उंबऱ्यावर थांबायचा. कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी त्याने पेटीच्या काचेवरही तसंच केलं. "बाय, किंग."

नागपंचमी आली. शैलाने आदल्या दिवशी भावाचा उपास केला, सकाळी पुरणाचे दिंड उकडले.

"घरात साक्षात नागोबा आहेत," ती म्हणाली. "मग पाट त्यांच्यापुढेच मांडते."

पाटावर तिने चंदनाने एक नाग काढला, साताऱ्याच्या रवीच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, नावाने. मग नातीला, देवच्या बहिणीला, हाक मारली. "अनिका, तूही काढ. देवचा."

अनिकाने काढलेल्या नागाला चष्मा होता. "आजी, इट हॅज टू लुक लाइक हिम!"

पाट काचेला टेकवला. हळद-कुंकू झालं, लाह्या झाल्या. दुधाची वाटी मी जिन्यातच अडवली. "साप दूध पीत नाहीत."

"वाघाला सायकल चालवायला लावता," शैला म्हणाली, "आणि माझ्या नागोबाला घोटभर दूध नाही!"

सगळे हसले. मीही. देवचा रूल मला आठवला नाही.

पुढच्या खेपेला राजाभाऊंनी उंदीर नाकारला. तोंड फिरवलं. तेव्हा माझं लक्ष गेलं, की त्यांच्या अंगाला मधोमध फुगवटा आला होता. काहीतरी गिळल्यासारखा. पेटीचं झाकण तर कडीबंद होतं.

पाटावर एकच नाग होता. चष्म्याचा. लाह्या, अक्षता, कुंकवाची बोटं जागच्या जागी होती, फक्त रवीचा नाग नव्हता. पुसल्याचा फराटाही नाही.

वर शैला भेंडी चिरत होती.

"रवीचा नाग तू पुसलास?"

"कोणाचा?"

"रवीचा. तुझ्या भावाचा."

"मला कुठला भाऊ?" तिने मानही वर केली नाही. "लग्नात कान पिळायला मेहुणा नाही, म्हणून तुम्हीच नव्हतात का रुसला?"

माझा कान पिळला गेला होता. रवीच्या अंगठीने ओरखडा उठला होता, त्याचा वण कानामागे कायम राहिला. मी चाचपून पाहिलं. कातडी गुळगुळीत लागली.

मी देवला व्हिडिओ कॉल लावला.

"रवीआजोबांचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

"कोण रवीआजोबा? नवीन स्टोरी का?" तो चष्मा वर सरकवत म्हणाला. "किंग कसा आहे?"

"जेवत नाही."

"डोळे निळसर झालेत? मग कात टाकेल. लीव्ह हिम अलोन, आजोबा." मग स्क्रीनजवळ येत, "तुम्ही असं काय बघताय?"

"काही नाही. सांभाळून राहा."

पाट पुसायचा धीर मला झाला नाही. पुसला तर देवचं काय होईल, हे पडताळून बघायची गोष्ट नव्हती. चादरीत गुंडाळून मी तो गॅरेजमध्ये नेला, चपलांच्या रॅकमागे, बर्फाच्या फावड्याआड उभा केला. पेटीच्या झाकणावर खलबत्ता ठेवला. दिवसभर राजाभाऊ गॅरेजच्या बाजूच्या काचेला डोकं लावून पडून राहिले.

शनिवारी सत्यजितबरोबर भाजी आणायला गेलो. परत आलो तेव्हा फावडं खाली पडलं होतं. चादर घडी घालून रॅकवर ठेवलेली होती.

शैला दारातच उभी होती. "पूजेचा पाट चपलांमागे? अहो, वयाची तरी चाड ठेवा! पोरीने इतका छान नाग काढलाय. नागोबाजवळ होता तिथे नेऊन ठेवला मी."

मी जिना उतरलो. गुडघ्यांचं भान राहिलं नाही.

पाट काचेला टेकलेला होता. कुंकू होतं. हळद होती.

बाकी लाकूड कोरं.

फुगवटा या वेळी मोठा होता.

फोन काढला. नंबरांच्या यादीत दिलीपनंतर थेट देवधर.

वर गेलो. देवच्या खोलीत ट्रेडमिल होती. तिच्या पायांचे खड्डे कार्पेटमध्ये खोल रुतलेले होते, जुने.

अनिका जिन्यात सीरियल खात बसली होती.

"देव कुठंय?"

"व्हिच देव?"

"तुझा भाऊ."

तिने कानातलं गाण्याचं बटण काढलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागून आलेल्या आजीकडे. "आजोबा, धिस वन इज नॉट फनी." आणि मग हळूच, "आय ऑलवेज वॉन्टेड अ ब्रदर, यू नो."

"नातीला तरी सोडा," शैला म्हणाली.

"मग हा साप कोणाचा?"

"तुमचाच. हट्ट करून आणलात. आम्ही सगळे नको म्हणत होतो."

वाद घालून उपयोग नव्हता. वाघाची सायकल मीच सांगितली होती.

राजाभाऊंनी कात टाकली. डोळे स्वच्छ झाले. फुगवटा जिरला. आज मी उंदीर सैल करून चिमट्याने पुढे धरला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सावकाश काचेपाशी आले, नाकाने दोनदा टकटक केलं आणि थांबून राहिले.