बुजलेली वाट

बंद पडलेल्या खाणीवर पुन्हा काय काय उगवतं, हे डोळ्यांत तेल घालून बघण्याचा नणंदेला पगार मिळत असे. "गवत बघायचे पैसे देतात? मी मेली आयुष्यभर फुकटच उपटत बसले," असं वहिनी दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी दोघी हसायच्या.

हसून झालं की दोघींना एकाच माणसाची आठवण यायची. नणंदेचा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, त्याच खाणीत सुरुंग लावायचा. एका दुपारी कडा कोसळला, खाण बंद झाली आणि तो सापडलाच नाही. वहिनी खाणीजवळच्या शेवटच्या घरात एकटी राहिली. नणंद शहरात चल म्हणून गळ घालायची, पण उत्तर ठरलेलं होतं, "ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

खाण मात्र सावरत होती. आधी उघड्या दगडावर शेवाळ आलं, शेवाळाने धरून ठेवलेल्या चिमूटभर मातीत गवत, गवतामागून झुडपं. मग झुडपांत पक्षी घरटी बांधू लागले. भावाच्या अंगावर एवढं सगळं उगवतंय आणि त्याचा त्याला पत्ता नाही, असं एका वर्षी नोंदी करताना नणंदेच्या मनात आलं.

त्याच वर्षी तिला ती वाट दिसली. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत आणि मध्ये पाऊलभर रुंदीची, घट्ट दाबलेली माती. कडेने बारीक, जमिनीलगत पसरणारं तण, पायदळीच तग धरणारं. जनावराची म्हणावी तर खुरांच्या खुणा नव्हत्या. माणसाची म्हणावी तर ती कोसळलेल्या ढिगाऱ्यातूनच निघत होती आणि ढिगाऱ्यापलीकडे नुसता कडा होता. नणंदेने घरी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी वाट ओढ्यापर्यंत आली. त्याच्या पुढच्या वर्षी कुंपणापर्यंत.

"वहिनी, तू जातेस का गं खाणीकडे?"

"या गुडघ्यांनी?" वहिनी भांडी विसळत राहिली. मग हळूच म्हणाली, "कुठवर आलीय?"

"कुंपणापर्यंत," नणंदेच्या तोंडून निघून गेलं.

"हळूच चालतात ते. पहिल्यापासून."

यंदा नणंद तिला शहरात घेऊनच जायचं ठरवून आली. आधी खाणीवर जाऊन आली. वाट नव्हती. ढिगाऱ्यापासून कुंपणापर्यंत कोवळं गवत माजलं होतं. तिला हायसं वाटलं आणि लगेच रडू फुटलं. तिलाही तो यायला हवा होता.

"बुजली गं वाट," ती दारात उभी राहून म्हणाली. "चल आता. तिथे कोणी चालत नाही."

वहिनी चहा गाळत होती. "बुजणारच. पोचल्यावर कोण कशाला चालेल?"

नणंदेने खाली पाहिलं.

पायरीवरचं शेवाळ मधोमध झिजलं होतं.

आत फरशीच्या फटींतून तेच बारीक तण दोन ओळींत आतल्या खोलीकडे गेलं होतं. मधली पाऊलभर जागा मोकळी होती. खोलीचं दार लोटलेलं होतं.



नणंदेने बूट काढले आणि त्या मोकळ्या जागेत पाऊल ठेवलं.

फरशी कोमट होती.