बाकड्यावरचा ठिपका

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन कसा चकवतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. तरीही सांगतो, ही घटना जशीच्या तशी घडली. मी स्वतः तिथे होतो.

फेब्रुवारीतला मंगळवार. संध्याकाळचे पाच वीस. मावशी स्वयंपाकघरात एकटीच होती.

काका, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचे. यायची वेळ कळावी म्हणून त्यांचं लोकेशन कायम मावशीच्या फोनवर चालू असायचं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरले की ठिपका गायब. वर आले की पुन्हा हजर. तो घराकडे वळला की मावशी चहा टाकायची.

एकदा ठिपका गल्लीच्या तोंडाशी, बाकड्यापाशी थांबला.

चाळीस मिनिटं हलला नाही.

"बसले असतील गप्पा छाटत," मावशी चिडली. तिने फोन पालथा ठेवला.

काका गप्पा छाटत नव्हते. छाती धरून एकटेच बसले होते. येणाजाणाऱ्यांना वाटलं, डुलकी लागलीय...

ते गेल्यावर त्यांचा फोन मीच बंद करून दुकानातल्या कपाटात ठेवला. सिमही बंद केलं.

वर्ष उलटलं. आणि फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी, पाच वीसला, मावशीचा फोन आला.

"अरे... ह्यांचा ठिपका दिसतोय."

"जुना असेल, मावशी. खाली वेळ बघ."

"'आत्ता' लिहिलंय."

मी कपाट उघडलं. फोन जागेवरच. गार. बंद.

"ठिपक्याभोवतीचं निळं वर्तुळ केवढं आहे?"

"अख्खी वस्ती व्यापलीय."

"मग काही नाही. उपग्रह सापडला नाही की फोन टॉवरवरून नुसता अंदाज बांधतो."

मी कपाट लावून घेतलं.

मग...

"लहान होतंय रे."

"किती?"

"बाकड्याएवढं."

पुढे फक्त जिन्यावर धावणारी पावलं ऐकू आली.

मी दुकान तसंच टाकून पळालो. मावशी बाकड्याच्या एका टोकाला बसली होती. अनवाणी. हात शेजारच्या रिकाम्या फळीवर.

"मी बघितलं होतं हो," ती कुणाला तरी सांगत होती. "बघूनही आले नाही. रागावले होते."

मांडीवरच्या फोनवर दोन ठिपके. अगदी चिकटून.

मी शेजारी टेकायला गेलो.

"तिथे नको," ती हळूच म्हणाली.

बऱ्याच वेळाने एक ठिपका हलला... घराकडे. मावशी उठली. दमलेल्या माणसाला सोबत करावी तशी थांबत थांबत चालली. जिन्याच्या दारात ठिपका विझला.

पुन्हा कधीच दिसला नाही.

"आता माझं लोकेशन त्यांच्या फोनवर पाठव," मावशी म्हणाली. "मी कुठे आहे, ते त्यांनाही कळू दे."

बंद फोनवर काय पोहोचणार? पण तिचं मन मोडवेना. पाठवलं.

काल तिने मला स्क्रीन दाखवली. तिच्या लोकेशनखाली एकच शब्द उमटला होता...

'पाहिलं.'

मावशी रडत होती. हसतही होती.

दुकानातलं ते कपाट मी त्यानंतर अजून उघडलेलं नाही.