फळीमागचं जोडपं

"आजोबा चोर नाहीत!" गुंड्या रडकुंडीला आला होता.

"मग भोकाड काय पसरतोस? पुरावा शोध!" त्याची मोठी बहीण ढापणी खेकसली. आजोबा तीस वर्षं चित्रसंग्रहालयाची कोठी सांभाळत होते. नव्या देणगीच्या यादीत बारा चित्रं, कोठीत मात्र अकराच! 'जोडपं' गायब! संचालकसाहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना चोर म्हटलं आणि घरी पाठवलं. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून होते, अन्नाला शिवत नव्हते. सुट्टी कसली डोंबलाची!

शेजारचा लंबू धापा टाकत आला. त्याच्या हातात देणगीदाराचं माहितीपुस्तक होतं. चित्रकार पुढे भडक रंगांनी आणि वेड्यावाकड्या चेहऱ्यांनी गाजला, पण 'जोडपं' हे त्याचं विशीतलं चित्र. बाकावर एक बाई आणि एक माणूस, हिरवट चेहऱ्यांचे, एकमेकांकडे न बघणारे.

"भांडलेत वाटतं," लंबू म्हणाला.

"तुझं थोबाड बघून वैतागलेत!" गुंड्याने डोळे पुसत टोला हाणला.

ढापणी हसली नाही. तिने पान उलटलं. त्यावर देणगीतलंच, त्याच चित्रकाराचं 'कारखाना' नावाचं चित्र होतं. "अरे, मापं अगदी सारखी! जोडप्याच्या डाव्या कोपऱ्यात कापड शिवलंय, कारखान्याच्या उजव्या!"

तिने वहीचं पान फाडलं, डाव्या कोपऱ्यात पेन्सिल खुपसली आणि पान उलटं केलं. भोक उजवीकडे!

"एकाच कापडाच्या दोन बाजू!" लंबू किंचाळला.

तिघं धावत फ्रेमवाल्याकडे गेली. संचालकांनी देणगीच्या पेट्या न उघडताच त्याच्याकडे धाडल्या होत्या, चित्रं कोठीत आली ती फ्रेम होऊनच.

"कारखान्यामागे? कुणीतरी गिरबटलं होतं बुवा," फ्रेमवाला म्हणाला. "घाण दिसत होतं. फळी ठोकून झाकलं!"

"काका, तुम्ही धन्य आहात!" ढापणीने कपाळावर हात मारला आणि त्याला ओढतच संग्रहालयात नेलं.

संचालक आधी हसले. मग खिळे निघाले, फळी सरकली आणि ते दोन हिरवट चेहरे दिसले. साहेबांचा चेहरा त्याहून हिरवा पडला.

"शाब्बास रे पोरांनो! कमाल केलीत! आजोबांना म्हणावं, उद्यापासून या कामावर."

"नाही!" ढापणी जागची हलली नाही. "चोर सगळ्यांसमोर म्हणालात. माफीही सगळ्यांसमोरच मागायची!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या नोकरांसमोर संचालकांनी हात जोडले. टाळ्या वाजल्या. आजोबांनी तिन्ही पोरांना जवळ घेतलं. "वाघ आहात माझे! माझं नाव राखलंत!"

लोक पांगल्यावर ढापणीने पाहिलं, आजोबांचे डोळे अजून ओलेच होते.

"आता काय झालं, आजोबा? सगळे टाळ्या वाजवत होते की!"

"हो गं," आजोबा म्हणाले. "त्या दिवशीही हे सगळे इथेच होते. तीस वर्षं माझ्याबरोबर चहा प्यायलेले. एकाने तरी म्हणायचं होतं, हा माणूस चोर नाही."