पाचवं बेअरिंग

खण्णकन काहीतरी पडलं आणि दुपारची शांतता मोडली. सात वर्षांच्या लेकीनं कपाटाच्या तळातून जुना पाना ओढून काढला होता.

"आई, हा कुणाचा?"

"माझाच. लग्नाआधी आजोबांच्या गॅरेजात मी इंजिनं बांधायचे."

"खोटं!"

मग सांगणं आलंच. ती सांगू लागली—थोडं लेकीला, बरंचसं स्वतःला.

बंद पडलेली गाडी ओढून घेऊन एक तरुण आला होता. नोकरी दूरच्या गावी लागलेली. इंजिन झालं की निघणार.

"इंजिन कोण बांधणार?"

"मी."

"मग मी इथेच बसतो."

"भरवसा नाही वाटतं?"

"आहे ना... म्हणून तर बसतो."

इंजिनाचा दांडा ज्यात फिरतो, त्या बेअरिंगमध्ये मेणासारखा मऊ, बारीक दोरा ठेवायचा, वरची टोपी आवळायची, परत उघडायची. दोरा चेपून किती रुंद झाला, त्यावरून आतली फट कळते. फट कमी, तर तेल शिरत नाही. जास्त, तर इंजिन खडखडतं. ती वाकली की तोही वाकायचा.

"श्वास रोखा जरा."

"दोरा उडेल?"

"नाही... माझी नजर हलते."

बेअरिंगं पाच. काम एका सकाळचं. तिनं रोज एकच मोजलं.

"अगं, तांदूळ निवडतेयस का?" बाबा म्हणाले.

पाचव्या दिवशी दोरा मापाच्या पट्टीवरच्या खुणेशी तंतोतंत जुळला.

"झालं," ती कशीबशी म्हणाली.

तो हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"एकदा... परत मोजून बघाल?"

तिला ते झोंबलं. मुलीच्या मापावर कुणाचा विश्वास बसतोय!

"माझं माप चुकत नाही."

"चुकलं असं कुठे म्हणतोय मी..." तो हसायचं म्हणून हसला.

उरलेली जोडणी बाबांनी केली. ती फुरंगटून तिकडे फिरकलीच नाही. गाडी वळणाआड गेली, तेव्हा कुठे तिला उमगलं, तो काय मागत होता ते. आणि इंजिनाचं माप तिनं असं नेटकं साधलं होतं, की परत यायला त्याला कारणच उरलं नाही.

लेकीला मात्र तिनं एवढंच सांगितलं, "ते काका म्हणाले, परत मोज. मी नाही मोजलं."

लेकीनं कपाळाला आठ्या घातल्या.

"मला तर प्रत्येक गणित दोनदा तपासायला लावतेस. मग तू का नाही मोजलंस परत?"