दाराच्या खांबाचा नकाशा

या, जवळ सरका. गोष्ट सांगतो. गोड नाही, पण देवानं कान दिलेत ते अशासाठीच.

एक निळी मोटार झाडाला धडकली. धडक तशी किरकोळ. पण दोन दारांमधला खांब काडीसारखा मोडला आणि आत बसलेल्या शाळेतल्या बाई गेल्या. हा खांब गॅरेजात नुकताच कापून जोडला होता, आणि तोही कधीच कापू नये अशा जागी.

जोडणारा म्हातारा पत्रा-मिस्त्री त्याच दिवशी कोठडीत गेला. त्याचं एकच पालुपद: गाडीच्या कंपनीच्या नकाशात कापायची रेघ होती तिथंच कापलं. फौजदार गॅरेजात पोचले, तर भिंतीवरच्या नकाशात नेमकी त्या जागी ‘कापू नका’ची फुली. म्हणजे म्हातारा खोटारडा ठरला, की संपलंच.

गॅरेजचा मालक मिस्त्रीचा धाकटा भाऊ. दादानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. डोळे पुसत म्हणाला, दादाला हल्ली दिसतच नाही हो धड.

फौजदारांना मात्र दिसत होतं. घड्याळाच्या काचेवर, पंख्यावर, आईबापांच्या फोटोवर, सगळीकडे निळ्या रंगाची धूळ.

“हा नकाशा कधी लावला?”

“गाडी आली त्याच दिवशी. मीच लावला. तेव्हापासून हलला नाही.”

“गाडी रंगवली कुठं?”

“इथंच की. दुसरी जागा आहे कुठं?”

“आईबापांवर निळं बसलं, मग नकाशा कसा धुतल्या तांदळासारखा?”

फौजदारांनी बोट दाखवलं. नकाशाच्या कडेबाहेर भिंतीवर कोरी चौकट उरली होती.

“रंगाची धूळ उडाली तेव्हा इथं मोठा कागद होता. नकाशा नंतर बदलला. दादा आमच्या ताब्यात, गॅरेजची किल्ली तुमच्या खिशात. मग बदलला कोणी?”

धाकट्यानं शेवटी कबूल केलं. या गाडीचा नकाशा शोधून सापडेना, गिऱ्हाईक घाई करत होतं. म्हणून त्यानं आदल्या मॉडेलचा लावला. दोन्ही गाड्या दिसायला जुळी भावंडंच, पण त्या नकाशात कापायची रेघ भलत्या जागी. अपघातानंतर खरा सापडला, तेव्हा जुना जाळून हा टांगला. स्वतःला वाचवायला दादाला बुडवलं.

फौजदारांनी कोठडी उघडून मिस्त्रीला सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं:

“त्या बाईंना मुलं किती?”

“दोन.”

“मग मी कसला सुटलो, साहेब. दार लावून घ्या.”

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बाईंची आठवण ठेवा. आणि आईची वाट बघणाऱ्या त्या दोघांचीही.