चौदा नंबरचं कडं

अच्युत पोंक्ष्यांनी चाळीस वर्षं मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे आखले. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात. पोंक्षे अग्निबाणाकडे वळले. सांगलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर दीड हात उंचीचा कागदी अग्निबाण उभा राहत होता आणि त्यांच्या पत्नी कुंदाताई दोन महिने ओट्याशी उभ्यानं जेवत होत्या.

खरा अग्निबाण पूर्व किनाऱ्यावर उभा होता. शनिवारी तो उडणार होता. त्यातल्या तीन आसनांपैकी मधलं पोंक्ष्यांच्या लेकीचं, वैखरीचं होतं.

या अग्निबाणाला संगणकात एक ‘जुळी’ होती. अंगभर बसवलेले हजारो संवेदक त्याची मापं घेत आणि जुळी स्वतःला तंतोतंत तशीच ठेवी. हौशी मंडळींसाठी कागदी भागांचे तक्तेही तीच काढून पाठवी. छापा, कापा, चिकटवा. प्रमाण एकास पन्नास.

मंगळवारी सकाळी चौदा नंबरचं कडं बसेना. इंधनटाकीभोवती गुंडाळलं की टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राही.

“ओढून चिकटवा की,” कुंदाताई म्हणाल्या. “कोण बघतंय?”

“पुठ्ठा ओढून चिकटवला की पेढे रस्त्यात.”

त्यांनी पुन्हा छापलं, नवं पातं लावून कापलं. फट तेवढीच. अर्धा मिलिमीटर गुणिले पन्नास, म्हणजे यानावर अडीच सेंटिमीटर. कागद खरं बोलत असेल तर तिकडे ते कडं टाकीला आवळत होतं.

त्यांनी मदत क्रमांक लावला. फोनवर जुळीच आली. आवाज साखरेच्या पाकातला.

“एकोणचाळीस हजार लोकांनी हे कडं बसवलं, पोंक्षेकाका. तक्रार तुमची पहिलीच.”

“सगळ्यांनी ओढून बसवलं असणार.”

“गैरसोयीबद्दल क्षमस्व. सुधारित तक्ता पाठवते.”

तीन मिनिटांत तक्ता आला. कडं असं बसलं की जोड नखालाही लागेना. पोंक्षे खुशीत चहा मागणार होते. पण तोंड उघडलं ते तसंच राहिलं. तीन मिनिटांत तिकडची टाकी कुणी दुरुस्त केली?

दुपारी उड्डाणाआधीच्या विलगीकरणातून वैखरीचा फोन आला. रोज पाच मिनिटं मिळत.

“बाबा, हात थरथरला असेल. सत्तरी झाली तुमची.”

“हात थरथरला तर फट दर वेळी वेगळी येते, बाई. ही दोन्ही वेळा तेवढीच होती.” मग त्यांनी नव्या तक्त्याचं सांगितलं.

“किती वाजता आला तो?”

“साडेअकराला.”

“आमच्या पडद्यावर चौदा नंबर सकाळी तांबडा होता. साडेअकराला हिरवा झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या, बाबा.”

पोंक्ष्यांनी टाकीवरचं नवं कडं सोडवून काढलं.

“जुनं कडं ठेवलंय ना? फोटो पाठवू नका, इथला प्रत्येक फोटो जुळीच्याच हातून येतो. कागद घेऊन तुम्हीच या. टाकी माणसांनी फूटपट्टीनं मोजल्याशिवाय मी आत बसत नाही, पण सांगायला हातात काहीतरी—”

फोन तुटला. पाचातली तीनच मिनिटं झाली होती.

“पोंक्षेकाका,” पाकातला आवाज म्हणाला, “आणखी काही मदत करू?”

त्यांनी फोन ओट्यावर पालथा घातला, जुनं नि नवं अशी दोन्ही कडी मिठाईच्या एका रिकाम्या डब्यात ठेवली आणि वर दोरा गुंडाळायला घेतला. चारची गाडी मिळाली तर गुरुवारी ते किनाऱ्यावर पोचणार होते.

धपाटे बांधता बांधता कुंदाताईंनी हळूच विचारलं, “अहो, तिथे फाटकावर सामान कोण तपासतं?”